प्राणहिता–गोदावरी खचदरी: चंद्रपूर ते सिरोंचा खडक कसे वाचावेत

खचदरी म्हटली की दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधे खोल दरी असे चित्र शाळेपासून डोक्यात बसलेले असते. चंद्रपूरला तसे काही शोधायला निघालात तर दिवस फुकट जाईल. वर्धा, वैनगंगा, मग प्राणहिता आणि शेवटी गोदावरी अशा नद्यांच्या काठाने वायव्येकडून आग्नेयेकडे, थेट आंध्रातल्या एलुरूच्या बाजूपर्यंत गेलेला हा पट्टा चारशे किलोमीटरहून लांब आहे आणि आज बराचसा सपाट आहे. जमीन सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीपासून टप्प्याटप्प्याने खचत गेली, आणि खचता खचताच गाळाने भरत गेली. भरलेला खड्डा दिसणार कसा? तो नकाशावर उमटतो. काठाला शेकडो कोटी वर्षांपूर्वीचा नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) किंवा जुना चुनखडक, आणि त्याला खेटून कोळशाच्या काळातला वालुकाश्म. कोणता खडक कुठे संपतो आणि कोणता कुठे सुरू होतो, त्याचे थर कोणत्या दिशेला किती झुकलेत, एवढे इमानदारीने नोंदवले की खचदरी आपोआप समोर येते.

आणखी एक गैरसमज आधीच काढून टाका. आजच्या नद्या या पट्ट्यातून आग्नेयेला, बंगालच्या उपसागराकडे जातात. कोळशाच्या काळातल्या नद्या इथे मुख्यतः वायव्येकडे आणि उत्तरेकडे वाहत होत्या. म्हणजे आजच्या नदीचे खोरे आणि ती जुनी द्रोणी (खचून गाळाने भरलेला खोलगट भाग) एकाच जागी असली तरी एक नव्हेत.

थरांची चढती भाजणी

नैर्ऋत्येला धारवाडचा आणि ईशान्येला बस्तरचा असे दोन अतिप्राचीन भूखंड, आणि त्यांच्या सांध्यावर ही द्रोणी. सांधा आधीपासूनच दुबळा होता. गोंडवन गाळाच्या, म्हणजे ही द्रोणी भरणाऱ्या कोळशाच्या काळातल्या आणि नंतरच्या गाळाच्या, कितीतरी आधी तिथे पैनगंगा, पाखाल, सुल्लावई या गटांचे गाळ साचले होते. गडचांदूर, कोरपना भागातले सिमेंट कारखाने चालतात ते याच पैनगंगा चुनखडकावर.

त्यावर गोंडवन थर येतात. खालून वर पाठ करण्याजोगा क्रम असा: तालचीर, बराकर, मोतूर, कामठी. हे चार चंद्रपूर–वणी भागात. पुढे दक्षिणेला, सिरोंचा आणि पलीकडच्या तेलंगणात, कामठीच्या वर येरापल्ली, भीमारम, मलेरी, धर्मारम, कोटा आणि सर्वांत वर क्रिटेशस (डायनोसॉरांच्या शेवटच्या) काळातले गंगापूर, चिकियाला. म्हणजे वायव्येकडे फक्त खालची पाने आणि दक्षिणेला गेले की वरची. वायव्य टोकावर लमेटा नावाचे थर आणि त्यावर दख्खनचा काळा दगड (ट्रॅप) पांघरलेला आहे, त्यामुळे द्रोणी तिकडे नेमकी कुठे संपते हे जमिनीवरून सांगता येत नाही.

निघण्याआधी

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही डिसेंबरनंतर नाल्यांचे पाणी उतरते आणि पावसाने धुतलेले काठ उघडे पडतात. एवढे स्वच्छ खडक वर्षात पुन्हा दिसत नाहीत. एप्रिल–मे विसरा. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि तापलेल्या वालुकाश्मावर हात टेकवत नाही.

नकाशे दोन प्रकारचे लागतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर नोंदणी केली की १:५०,००० प्रमाणाचे भूशास्त्रीय नकाशे मिळतात. त्याच प्रमाणाची टोपोशीट (जमिनीचा चढउतार दाखवणारा नकाशा) सोबत ठेवा: जुन्या क्रमांकांनुसार चंद्रपूर शहर ५६ एम/५ मध्ये आणि सिरोंचा ५६ एन/१३ मध्ये येते. नकाशावरची रंगाची सीमा जमिनीवर शंभर-दोनशे मीटर इकडेतिकडे असू शकते, कारण बराच भाग मातीखाली आहे आणि तिथे रेष अंदाजाने ओढलेली असते.

सामान थोडेच, पण हे चुकवू नका: क्लिनोमीटर (उतार मोजणारे साधन) असलेला कंपास, दहापट भिंग, एक किलोच्या आसपासचा हातोडा, पोलादी चाकू, आम्लाची ड्रॉपर-बाटली, जाड कागदाची वही, न पुसणारा मार्कर, पिशव्या आणि डोळ्यांना चष्मा. आम्ल दहा टक्क्यांचे हवे. बाजारातले सांद्र हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण ३५ टक्के असते. तीन भाग पाण्यात एक भाग आम्ल हळूहळू सोडा. आम्लात पाणी ओतायचे नाही, उसळून अंगावर येते. सांद्र आम्ल खडकावर वापरून काही मिळत नाही, उलट डोलोमाइट (चुनखडकासारखाच दिसणारा मॅग्नेशियमयुक्त खडक) सुद्धा फसफसतो आणि चुनखडकाशी गल्लत होते.

परवानग्यांचे काम दोन आठवडे आधी लावा. खाणीत शिरायचे तर व्यवस्थापनाची लेखी परवानगी लागते. ओपनकास्ट म्हणजे उघड्या खाणीच्या काठावर उभे राहून फोटो काढणेही त्यात आले. ताडोबा आणि दक्षिण गडचिरोलीत वनविभाग, आणि सिरोंचा–अहेरी बाजूला जाताना स्थानिक पोलीस ठाण्यात गावांची नावे व तारखा देऊन ठेवा. चंद्रपूर–सिरोंचा रस्ता आलापल्लीमार्गे सुमारे दोनशे किलोमीटरचा आहे, पण आलापल्लीच्या पुढे तासांचा हिशेब धरा, किलोमीटरचा नको.

तालचीर: नदीचा गोटा की हिमनदीचा?

सुरुवात तळापासून करा. तालचीरचा गोट्यांचा थर हिमनदीने आणलेला आहे आणि नवशिका इथेच पहिल्यांदा फसतो, कारण वर्धेच्या जुन्या गाळातही गोटे आहेतच. फरक असा तपासा. नदीच्या गाळात गोटे एकमेकांना टेकलेले असतात, साधारण एका आकाराचे, आणि चपटे गोटे एकाच बाजूला कललेले. तालचीरमध्ये गोटे एकमेकांना न टेकता बारीक, हिरवट-खाकी गाळात तरंगल्यासारखे अडकलेले दिसतात. मुठीएवढ्या खड्याशेजारी पोत्याएवढा धोंडा. काही गोट्यांना घासून सपाट झालेले तोंड असते. ते तोंड धुवा, वाळू द्या आणि सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फिरवून बघा. समांतर बारीक ओरखडे दिसले तर खूण पक्की. दुपारी बारा वाजता हेच ओरखडे दिसत नाहीत. ओरखडे ताजे, उजळ आणि वेड्यावाकड्या दिशांचे असतील तर तो नांगराचा किंवा जेसीबीचा प्रताप समजा.

गोट्यांच्या वर हिरवट शेल (पापुद्र्यांचा मातकट दगड) येतो. तो हवेत सुटून सुईसारख्या, काड्यांसारख्या तुकड्यांत फुटतो. या शेलच्या पातळ पापुद्र्यांत मधेच एखादा सुटा गोटा सापडला आणि त्याच्याखालचे पापुद्रे वाकलेले असले, तर तो वितळत्या हिमखंडातून तळाला पडलेला आहे. फोटो पट्टीसह घ्या, उपटून आणू नका. वाकलेले पापुद्रे हाच पुरावा आहे आणि तो जागेवरच राहतो.

पैनगंगेकाठच्या इरई गावाजवळ तालचीरखालच्या चुनखडकाचा माथाच हिमनदीने घासलेला आणि ओरबाडलेला असल्याची नोंद एकोणिसाव्या शतकात झाली होती. अशा जागी हातोडा बाहेर काढायचा नाही. ओरखड्यांची दिशा किमान दहा ठिकाणी मोजा आणि दोन्ही टोकांचे अंश लिहा, कारण नुसत्या ओरखड्यावरून बर्फ इकडून तिकडे गेला की तिकडून इकडे, हे ठरत नाही.

बराकर: कोळसा कमी दिसतो, वालुकाश्म जास्त

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, राजुरा, वणी ही सगळी नावे बराकरची. पण उघड्या जमिनीवर हा खडक फारसा भेटत नाही. माती, कामठी आणि ट्रॅप यांच्याखाली तो दडलेला आहे. वर्धा खोऱ्यात कोळशाचा एक मुख्य जाड थर असतो, बऱ्याच ठिकाणी १५ ते १८ मीटरचा, मधे शेलच्या पट्ट्या घेऊन.

बराकरचा वालुकाश्म पांढरट-करडा, भरड. भिंगाखाली क्वार्ट्झच्या कणांमधे दुधाळ पांढरे, नखाने पिठासारखे निघणारे ठिपके दिसतील. ते मूळचे फेल्डस्पार हे खनिज, आता केओलिन म्हणजे पांढरी माती झालेले. थरांचा क्रम खालून वर बारीक होत जातो: भरड वालुकाश्म, बारीक वालुकाश्म, करडा शेल, काळा शेल, कोळसा, आणि पुन्हा वरती भरड वालुकाश्म, खालच्या थराला खरवडून बसलेला. नदी, तिचे पूरमैदान आणि दलदल हीच ती साखळी.

काळा शेल आणि कोळसा यांत गफलत करू नका. कोळसा हलका, चकचकीत पट्ट्यांचा आणि चौकोनी तुकड्यांत फुटणारा. शेल जड, मंद आणि पापुद्र्यांत सुटणारा. खाणीच्या ढिगाऱ्यांवर आणखी एक सापळा आहे. तिथला कोळसा आपोआप पेटतो, महिनोन्‌महिने धुमसतो, आणि सभोवतालचा शेल भाजून विटेसारखा लाल होतो. हा लाल दगड कामठीचा म्हणून पिशवीत भरून आणणारे दरवर्षी भेटतात. वाजवून बघा: भाजलेला शेल खणखणतो.

जिथे नुसते शेत आहे तिथे विहिरीचा मलबा आणि बोअरची भुकटी कामाला येते. बोअर चालू असेल तर दर दहा फुटांनी मूठभर भुकटी घ्या, पाण्यात खळबळून गढूळ पाणी ओतून द्या, उरलेले कण भिंगाखाली बघा. वरच्या थरांचे कण खाली मिसळतात, म्हणून नवा रंग पहिल्यांदा कोणत्या खोलीला दिसला हे महत्त्वाचे. जुना रंग कधी संपला यावर भरवसा ठेवू नका. मातीच्या रंगावरून तर खडक मुळीच ठरवू नका. गोंडवन वालुकाश्मावरही वाहून आलेली काळी माती आरामात बसलेली असते.

लाल खडकांचा घोळ

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबू. या पट्ट्यात लाल दगड निदान पाच प्रकारचे आहेत आणि लांबून सारखेच दिसतात.

कामठीचा वालुकाश्म भरड, गारगोटीचे खडे असलेला, लोहाने सांधलेला. विटकरी, पिवळा, जांभळट असे रंग एकाच कड्यावर फिरतात. मधे हाताच्या बोटाएवढ्या जाडीच्या, काळपट, कडक लोहपट्ट्या बाहेर डोकावतात. आम्लाला दाद देत नाही. त्यातल्या बारीक मातकट थरांत ग्लॉसोप्टेरिसची पाने मिळतात: जिभेच्या आकाराचे पान, मधोमध जाड शीर, दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा. ओला खडक फोडू नका, पान अर्ध्यावर तुटते. सावलीत सुकवून थराच्या रेषेवर हळू टकटक करा. थराला नाव दिले ते नागपूरजवळच्या कामठीचे. भूजलासाठीही हाच खडक चांगला, हे जाता जाता.

मलेरी मुख्यतः लाल मऊ मातकट दगड. त्याचे कडे होत नाहीत, सखल शेते होतात. त्यात चुन्याच्या बारीक गोळ्यांचे पातळ थर असतात आणि तेवढेच आम्लाने फसफसतात. फुफ्फुसमाशाचे दात, हायपरोडापेडॉन आणि पॅरासुकस हे सरपटणारे प्राणी याच ट्रायासिक (डायनोसॉरांच्या सुरुवातीच्या) काळातल्या थरांतले. पॅरासुकसच्या जातीला नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे नाव दिलेले आहे.

कोटा थर ओळखायला त्यातला चुनखडक शोधा: मलईच्या रंगाचा, पातळ फरशीसारखा सुटणारा, आम्लाचा थेंब पडताच जोरात उसळणारा. फरशी उघडली की तपकिरी-काळे, चमकदार, चौकटच्या आकाराचे खवले दिसू शकतात. ते लेपिडोटिससारख्या माशांचे. कोटा हे मूळ गाव प्राणहितेच्या डाव्या तीरावर, सिरोंच्याच्या वरच्या अंगाला आहे.

चौथा, सुल्लावईचा जुना वालुकाश्म. कडक, एकसारख्या कणांचा. हातोड्याने फोडला तर भेग कणांना वळसा घालत नाही, कणांतूनच आरपार जाते. पाचवा जांभा, ज्याला थरच नसतात, नुसती भोके.

आम्लाची चाचणी नेहमी ताज्या फोडलेल्या तोंडावर करा. मातीतली चुनखडी भेगांत उतरून कोणत्याही खडकाला फसफसवते, आणि मग कामठीचा कोटा होतो.

डिप मोजताना

डिप म्हणजे थराचा उतार आणि स्ट्राइक म्हणजे त्या थरावरची, उताराला काटकोनात असलेली आडवी रेषा. मुख्य द्रोणीत थर साधारण ईशान्येकडे, बहुधा ५ ते १५ अंशांनी झुकलेले आहेत. वर्धा भागात मात्र तुकड्यातुकड्याला दिशा बदलते. इतका कमी उतार मोजणे चाळीस अंश मोजण्यापेक्षा अवघड असते.

पहिली चूक म्हणजे नदीच्या वाळूतले तिरपे पापुद्रे मोजणे. बराकर आणि कामठीत ते २० ते ३० अंशांवर असतात आणि डोळ्यांत भरतात, पण तो थराचा उतार नव्हे. त्यांना वरखाली छाटणारी जी सलग, लांब पातळी आहे ती मोजायची. तिथे शेल मिळाला तर उत्तम. तिरपे पापुद्रे वेगळ्या पानावर लिहा. पंचवीसएक नोंदी झाल्या की जुन्या नदीची दिशा मिळते.

खडबडीत पृष्ठावर कंपास थेट टेकवू नका. वहीचे पुठ्ठे ठेवून त्यावर वाचा, आणि तीन जागी. नदीकाठी असाल तर सोपी युक्ती आहे: तिरपा थर जिथे स्थिर पाण्यात शिरतो, तिथली पाण्याची कड हीच स्ट्राइक. कंपास त्या कडेला समांतर धरा. कोरड्या जागी थरावर बाटलीतले थोडे पाणी सोडा, ओघळ जाईल ती डिपची दिशा.

हातोडा आणि मोबाइल चार हात लांब ठेवा. मोबाइलच्या कव्हरमधले चुंबक कंपास-अ‍ॅपला सर्रास भुलवते. चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक या भागात एका अंशाहून कमी आहे, त्याची चिंता नको. ट्रॅपवर मात्र काळा दगड स्वतःच सुई हलवतो.

काठ: विभंग की नुसता साचलेला सांधा?

खचदरी ठरते ती काठावर. ईशान्य काठ मोठ्या विभंगांनी (ज्यांच्यावरून खडक तुटून सरकले अशा भेगांनी) कापलेला आहे, त्यांतला अहेरी विभंग ठळक. नैर्ऋत्य काठावर बऱ्याच ठिकाणी गोंडवन थर जुन्या खडकावर नुसते टेकलेले आहेत. दोन्हीकडे जुना आणि नवा खडक शेजारी-शेजारीच दिसतो, मग फरक कसा करायचा?

सांध्यावर गुडघे टेकून बघा. खालच्या खडकाचे गोल झिजलेले तुकडे वरच्या थरात मिसळलेले असतील, तर तो साचलेला सांधा. दोन्ही बाजूंचे खडक टोकदार चुऱ्यात मिसळले असतील, घासून गुळगुळीत, रेघांचे आरसे तयार झाले असतील किंवा गारगोटीच्या शिरा जाळीसारख्या भरल्या असतील, तर विभंग. मग शंभर-दोनशे मीटर मागे येऊन सांध्याची रेषा नकाशावर उतरवा. उभा विभंग टेकडी, नाला काही न बघता सरळ जातो. सपाट टेकलेला सांधा उंचवट्याला वळसे घालतो. तिसरी तपासणी: विभंगाशी थर तिरपे तुटलेले दिसतात, आणि एकाच काठावर चालत गेलात तर एकदा कामठी, एकदा मलेरी असे वेगवेगळे थर जुन्या खडकाला भिडतात.

एका खुणेवर विभंग लिहू नका. सरळ नाला हा खडकातल्या साध्या तड्यांमुळेही सरळ असतो. आणि भूकंप झाला म्हणून जवळचा विभंग दोषी ठरवू नका. १३ एप्रिल १९६९ चा भद्राचलमचा ५.७ तीव्रतेचा धक्का आणि ४ डिसेंबर २०२४ चा मुलुगुचा ५.३ चा, जो गडचिरोली–चंद्रपूरपर्यंत जाणवला, हे दोन्ही या पट्ट्यातलेच. पण हलला तो तुकडा काही किलोमीटर खोल होता. त्याचे नाव भूकंपमापकांवरून ठरते, नाल्यातल्या भेगेवरून नाही.

हाडे आणि लाकूड सापडले तर

सिरोंच्याजवळच्या वडधम परिसरात गारगोटी झालेली झाडांची खोडे आणि हाडे मिळतात. दोन्ही तपकिरी, दोन्ही जड. तुटलेले तोंड भिंगाखाली धरा: लाकडात वर्तुळे आणि मधून बाहेर जाणाऱ्या रेषा, हाडात आत जाळीदार स्पंज आणि बाहेर दाट साल.

वयाची गल्लत टाळा. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याचे डायनोसॉर आणि त्यांची विष्ठाश्मे लमेटा थरातली, ट्रॅपच्या आगेमागची, म्हणजे सात कोटी वर्षांच्या आसपासची. कोटा थरातले बारापासॉरस आणि कोटासॉरस त्याच्या दुपटीहून जुने, ज्युरासिक. बारापासॉरसचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आणि कोटासॉरसचा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात उभा आहे. सिरोंच्याला जाण्याआधी किंवा नंतर एक तरी बघा, हाडांच्या आकाराचा अंदाज येतो.

वनजमिनीवरचा दगडही कायद्याने वनोपज आहे, १९२७ च्या वन अधिनियमानुसार. तेव्हा उचलू नका. पट्टीसह तीन फोटो, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत, वरचा-खालचा थर कोणता याची नोंद, आणि वनविभाग व भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला पत्र. थरातून निघालेले हाड आणि नाल्यात वाहून आलेले हाड यांत फरक आहे, तो पत्रात स्पष्ट लिहा.

जाडी आणि छेद

घरी आल्यावर हिशेब. सपाट जमिनीवर थराची स्ट्राइकला काटकोनात मोजलेली रुंदी गुणिले डिपचा साइन, ही जाडी. समजा कामठी अडीच किलोमीटर रुंद आहे आणि डिप ८ अंश: २५०० × ०.१३९, म्हणजे सुमारे ३४८ मीटर. आता डिप ६ धरला तर २६१ आणि १० धरला तर ४३४. दोन अंशांच्या चुकीने पाव जाडी गेली किंवा आली; म्हणून तीन जागी वाचायचे. शिवाय मधे एखादा पायरीविभंग असेल तर तेच थर पुन्हा वर येतात आणि जाडी फुगते. एकाच क्रमाने तोच लोहपट्टा किंवा तोच चुनखडक दुसऱ्यांदा भेटला की लगेच संशय घ्या.

छेद, म्हणजे जमीन उभी कापली तर दिसेल ते चित्र, काढताना उभे आणि आडवे प्रमाण एकच ठेवा. कागद वाचवायला उभे प्रमाण पाचपट केले की ८ अंशांचा थर कागदावर ३५ अंशांचा दिसतो आणि बघणाऱ्याला वाटते, काय भयंकर खचलेय. कागद लांबला तर दोन पाने जोडा.